गोळीचं सांगायचं राहिलं

मी दिलेल्या कमी कर्बोदकांच्या आहारावर चार महिन्यांत नऊ किलो उतरवलेला माझा पेशंट त्या दिवशी मोठ्या बहिणीला घेऊन आला. पहाटे तिला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. मीटरवर साखर ५२. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा कुठे ती सावरली.

"मॅडम, मी ताईला फक्त तुमचंच सांगितलं हो."

खरंच होतं ते. कर्बोदकं दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, प्रथिनं किती, सगळं बिनचूक. पहिल्या आठवड्यात झपकन उतरतं ते बरंचसं पाणी, कारण ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, दर ग्रॅममागे शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, हेसुद्धा त्यानं तिला समजावलं होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना हे इतकं नीट सांगता येत नाही.

राहिली ती गोळी. आहार सुरू करण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोलून मी ग्लिमेपिराइड ही त्याची मधुमेहाची गोळी बंद करून घेतली होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते; पोटात कर्बोदकं गेली आहेत की नाहीत, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ताई तीच गोळी पूर्ण डोसमध्ये घेत होती. दोन वर्षं तेच प्रिस्क्रिप्शन पुढे ढकललं जात होतं आणि "जेवता काय?" एवढं कुणी विचारलं नव्हतं. याचा मला आजही संताप येतो.

पण दोष माझाही आहे. "आहारामुळे माझी गोळी सुटली," असं तो कौतुकानं सगळ्यांना सांगायचा. माझ्यासमोरही म्हणाला होता. मी हसून मान डोलावली होती.

"हाच आहार का निवडलात?" मी ताईंना विचारलं.

"याचं उतरलं म्हणून."

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डाएटफिट्स चाचणीबद्दल त्यांना सांगितलं. ६०९ माणसं, एक वर्ष. कमी कर्बोदकांच्या गटात सरासरी ६ किलो उतरलं, कमी चरबीच्या गटात ५.३, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाहीच. झेपेल तो मार्ग घ्या, पण आधी औषधांचा कागद दाखवा.

निघताना तो दारात थांबला. ऑफिसातल्या तिघांनाही त्यानं हेच सांगितलं होतं. मी त्याला तिथंच बसवून फोन लावायला लावले. दोघांना शुगरच नव्हती. तिसऱ्यानं उचलला नाही.