पाण्यावरची पीएचडी: पैसे मे महिन्याआधी हातात हवेत

बेळगाव-खानापूरकडून हवामानबदल आणि भूजलावर पीएचडी करू पाहणारे अर्ज भरताना आधी फेलोशिपचा आकडा बघतात. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांची फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढे वरच्या टप्प्याच्या एसआरएफचे ४२,०००. पोटापाण्याचं त्यात भागतं. फिल्डवर्कचं नाही. विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, सालाला फक्त १२,००० मिळते. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीपासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या अथणीपर्यंत भाड्याची गाडी चार वेळा फिरवा, संपली! म्हणून फिल्डसाठी वेगळा प्रकल्प मागावाच लागतो.

खरी गोची तारखांची आहे. पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. विहिरी-बोअरमधल्या पाणीपातळीच्या, पावसाआधीची मे अखेरची आणि पावसानंतरची नोव्हेंबरची अशा दोन मोजण्या चुकवून चालत नाहीत. पहिला हप्ता जुलैत आला की मेची पातळी हुकली, एक वर्ष पाण्यात. पुढचा हप्ता यूटिलायझेशन सर्टिफिकेटवर (आधीचे पैसे कसे खर्चले याच्या दाखल्यावर) अडतो, तेव्हा उपकरणं पहिल्याच हप्त्यात मागा.

लॉगर (पाण्यात सोडून पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) मागताना हवेचा दाब मोजणारा जोडीचा लॉगरही लिहा, हा हमखास राहतो. साधा लॉगर पाणी आणि हवा दोन्हींचा दाब एकत्र मोजतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने हलला की पातळी सुमारे १ सेंटीमीटर खोटी दिसते. घाटमाथा आणि अथणीसाठी एकच ठेवून भागणार नाही.

चालू बोअरमध्ये पातळी मोजायचा टेप नुसता सोडू नका, मोटारीच्या केबलीत आणि पाइपात अडकतो. मोटार वर काढतील तेव्हा टेपसाठी बाजूने पाऊण इंची पाइप सोडून घ्यावा. शेतकऱ्याला आधी विचारून, मिस्त्रीची मजुरी बजेटमध्ये धरून. थ्री फेज वीज येऊन मोटार चालू झाल्यावर मोजलेली पातळी उपशाची असते, विहिरीची नव्हे. मोटार बंद होऊन पाणी पुन्हा स्थिरावलं की मगच मोजा.

पावसाचे आकडे हवामान खात्याकडून फुकट मिळतात, पण ते ०.२५ अंशाच्या चौकटीला एकच आकडा असे असतात आणि चौकटीची बाजू सुमारे २७ किलोमीटर. कणकुंबीहून पूर्वेला तेवढं गेलात तर पाऊस निम्म्याच्याही खाली येतो. स्वतःचे दोन-तीन पर्जन्यमापक लागतातच, शिवाय त्यांच्या चाळणीत अडकलेला पालापाचोळा काढायला गावातला माणूस.

प्रश्नावली कन्नड आणि मराठी दोन्हींत छापा. अथणी-गोकाकच्या मुलाखतींसाठी कन्नड बोलणाऱ्या सहायकाचा पगार वेगळ्या ओळीत दाखवा. किरकोळ खर्चात ढकलला की कापला जातो.