पैसे भरून लाउंज: सुरक्षा तपासणीपासून गेटपर्यंत

देशांतर्गत विमान सकाळी १० चं असेल, तर गेट साधारण ९:३५ ते ९:४५ च्या दरम्यान बंद होतं. लाउंजचा, म्हणजे विमानतळावरच्या खाण्यापिण्याच्या आणि आरामात बसण्याच्या खास दालनाचा, हिशेब इथून उलटा मांडायचा. गेटपर्यंत चालायला १०-१५ मिनिटं, बोर्डिंगच्या रांगेला तेवढीच, म्हणजे ९:१० ला खुर्ची सोडायलाच हवी. सुरक्षा तपासणी ८:३० ला आटोपली तर हातात उरली ४० मिनिटं, आणि त्यातली १० लाउंजच्या दारातच जाणार. एवढ्यासाठी पूर्ण पैसे भरणं आतबट्ट्याचं. सव्वा-दीड तास निवांत मिळणार असेल, वेळ जेवणाची असेल किंवा विमान रखडलं असेल, तर मात्र पैसे वसूल होतात.

बुकिंग करताना टर्मिनल दोनदा तपासा. त्याच विमानतळाचं लाउंज पण दुसऱ्या टर्मिनलचं, किंवा आंतरराष्ट्रीय बाजूचं, ही चूक सर्रास होते. देशांतर्गत बोर्डिंग पासवर इमिग्रेशन ओलांडता येत नाही, त्यामुळे ते पैसे बहुधा बुडालेच. ऑनलाइन दर बऱ्याचदा काउंटरपेक्षा कमी असतो. पण तारीख बदलता येते का, रद्द केल्यास काय परत मिळतं, हे पैसे भरण्याआधी वाचा. बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या ३ तास आधीपासूनच आत घेतात आणि २ ते ३ तास बसू देतात. पहाटे लवकर पोचलात म्हणून पाच तास पाय पसरता येतील, असं नाही.

थेट काउंटरवर जाणाऱ्याचा नंबर गर्दीत शेवटचा लागतो. लाउंज मुळात विमान कंपन्यांनी आपल्या खास प्रवाशांसाठी काढली. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर सुरू केलेल्या क्लबात तर निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. कुठल्याही वर्गाचं तिकीट असलेल्याला पैसे भरून बसू देणारी प्लाझा प्रीमियमसारखी कंपनी आली ती १९९८ मध्ये. तरी आजही जागा भरत आली की आधी बिझनेस क्लासवाले, मग सदस्य आणि बँकेच्या कार्डावर प्रवेश घेणारे, आणि उरलंच तर रोख पैसे मोजणारे, असाच क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो. सकाळच्या गर्दीच्या वेळी आधी बुकिंग केलेलं बरं.

दारात बोर्डिंग पास आणि कार्ड किंवा बुकिंगचा क्यूआर कोड लागतो. दोन्हींवरचं नाव जुळायला हवं. क्यूआरचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण नेमकं तिथेच नेटवर्क दगा देतं. कार्डावरचा 'मोफत' प्रवेश नाकारला जातो त्याची नेहमीची कारणं दोन: त्या कार्डावर ठरावीक खर्च करण्याची अट पुरी झालेली नसते, किंवा ॲपमधून कार्डाचे व्यवहार बंद ठेवलेले असतात. दुसरं जागेवर सुधारता येतं, पहिलं नाही. पावतीवर सही करण्याआधी माणसांचा आकडा पाहा. सोबत्याचे पैसे वेगळे लागतात आणि ते नंतर गुपचूप बिलात येतात.

आत शिरल्यावर आधी ताटाकडे नाही, जागेकडे बघा. विमानांचा फलक दिसेल आणि प्लग जवळ असेल अशी खुर्ची धरा. सॉकेट वापरून वापरून सैल झालेली असतात. चार्जर लटकतो, पण चार्जिंग होत नाही. बॅटरीचं चिन्ह हललं की नाही ते पाहूनच फोन खाली ठेवा. शॉवर हवा असेल तर लगेच नाव नोंदवा, कारण खोल्या मोजक्याच असतात. मद्य आणि शॉवर दरात धरलेले आहेत का, तेही तेव्हाच विचारा. नाश्ता उचलून जेवण मांडायच्या मधल्या अर्ध्या तासात बुफे अर्धा रिकामा असतो. ती वेळ टाळता आली तर टाळा. डबा भरून बाहेर न्यायला परवानगी नसते.

बऱ्याच लाउंजमध्ये उड्डाणांची घोषणा होतच नाही. गेट बदललं तर ते फलकावर किंवा विमान कंपनीच्या मेसेजवरच कळणार, म्हणून फोनवर गजर लावा. बसने विमानापर्यंत नेणारं गेट असेल तर आणखी १० मिनिटं आधी निघा. विमान लेट झालं तर मुदत संपण्याआधीच काउंटरवर विचारा. कुठे तासाचे जादा पैसे घेतात, कुठे गर्दी नसेल तर तसंच बसू देतात. आणि विमान रद्द झालं तर तिकिटाचा परतावा विमान कंपनी देते, लाउंजचा नाही. तो ज्या ॲपवर बुकिंग केलं तिथेच, त्यांच्या अटींप्रमाणे मागावा लागतो.