फुटक्या क्यूबची खडी आणि एससीसी : माझा अनुभव

एम.ई.च्या प्रोजेक्टला रीसायकल्ड खडी घालून सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट (एससीसी, म्हणजे व्हायब्रेटरशिवाय स्वतःच पसरून बसणारं) करतोय म्हटलं की जो तो एकच विचारायचा, ‘स्ट्रेंग्थ मिळेल का?’ स्ट्रेंग्थ मिळाली. झगडा झाला तो पाण्याशी.

माल फुकटचा. लॅबच्या मागे ताकदीची टेस्ट होऊन फुटलेल्या काँक्रीटच्या क्यूबचा ढीग असतोच. ते जॉ क्रशरमध्ये टाकले, चाळले आणि ४.७५ मिमीखालची भुकटी बाजूला काढली. ती खडीहूनही जास्त पाणी ओढते. ही खडी हातात घेतली की फरक कळतो. काळ्या दगडावर जुन्या मॉर्टरची करडी साल चिकटलेली असते, अंगठ्याने घासली तर बोट पांढरं होतं. सगळी गोम त्या सालीत. काळ्या दगडाचं पाणीशोषण टक्का-दीड टक्का, हिचं पाचच्या आसपास. आता हिशोब करा. घनमीटरला ८०० किलो खडी, त्यातली निम्मी बदलली तर ४०० किलो. कोरडी टाकली तर ती २० लिटर पाणी पिऊ शकते, आणि मिक्सचं एकूण पाणीच १७५-१८० लिटर! साध्या काँक्रीटला व्हायब्रेटर लावून वेळ मारून नेता येते. इथे काँक्रीटने स्वतःच्या वजनाने सळ्यांमधून वाहायचं असतं.

आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतही जास्त शोषणाची खडी आधी भिजवून घ्यायला सांगितलंय. भिजवणं सोपं, नेमकी सुकवणं (आतून भिजलेली, वरून कोरडी) अवघड. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी गोणपाटावर पसरायचो. लॅबमधले मामा उकिडवे बसून ओंजळभर खडी उजेडात धरायचे. “चमक गेली, रंग काळपट राहिला. आता भरा लवकर.” ओव्हनमध्ये नमुना ठेवून मी पडताळायचो, पण मामांचा अंदाज क्वचितच चुकायचा. चमक असताना खडी भरली तर स्लम्प फ्लोच्या (शंकू उचलल्यावर काँक्रीट किती पसरतं ते मोजायच्या चाचणीतल्या) वर्तुळाच्या कडेला नुसत्या पाणचट पेस्टची किनार येते आणि खडी मधेच ढीग करून बसते.

मिक्सिंगचा क्रमही बदलला. आधी खडी-वाळू, मग अर्धं पाणी, त्यावर सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅश, शेवटी उरलेलं पाणी आणि पाणी न वाढवता काँक्रीट वाहतं करणारं पीसीई अ‍ॅडमिक्श्चर. आधी पेस्टचा पातळ लेप बसतो, सालीतल्या भेगा थोड्या भरतात. फ्लो ६६० ते ७५० मिमीच्या पट्ट्यात बसू लागला. एल-बॉक्सने (एल आकाराच्या पेटीत काँक्रीट सळ्यांमधून वाहतं का ते पाहायची चाचणी) मात्र घाम काढला. क्रशरमधून निघालेली कोनदार खडी सळ्यांपाशी अडायची, पलीकडच्या आणि अलीकडच्या उंचीचं ०.८ चं गुणोत्तर गाठायचं नाही. मोठी खडी कमी करून १२.५ मिमीवर आलो, फ्लाय अ‍ॅशने पेस्ट वाढवली, तेव्हा गाडी पुढे सरकली.

ताकदीचं म्हणाल तर २० टक्के खडी बदलली तेव्हा फरक जवळजवळ जाणवला नाही. १०० टक्क्यांना घट दिसली, आणि ताकदीपेक्षा इलॅस्टिसिटी मॉड्युलस (काँक्रीटचा ताठपणा) जास्त घसरला. तुळईचा बाक मोजणाऱ्याने याची जास्त काळजी करावी. तसंही आयएस ३८३ आरसीसीत अशी खडी २० टक्क्यांपर्यंतच आणि एम२५ ग्रेडपर्यंतच घालू देतं, त्यामुळे माझे वरचे आकडे लॅबपुरतेच.

प्लांटवर हे करायचं तर माझा पहिला खर्च अ‍ॅडमिक्श्चरवर नसेल. खडीच्या ढिगावर स्प्रिंकलर, वर छप्पर आणि रोज सकाळी ढिगाच्या वरच्या-खालच्या थरातून ओलाव्याचा वेगळा नमुना. वरची खडी उन्हाने सुकते, तळाची निथळत असते, आणि लोडर दोन्ही एकाच बकेटमध्ये उचलतो.