तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला लॉला घालू का?

लग्नात, सोसायटीच्या सभेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. मुलीला लॉला जायचंय, पण आता एआय आलंय, तर वकिलांना काम उरणार का? विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. निम्म्यांना ‘नका घालू’ ऐकायचं असतं, कारण मनात इंजिनिअरिंग असतं. उरलेल्यांना वाटतं, मी छातीठोक सांगावं की ते यंत्र थापा मारतं, कोर्टात माणूसच लागतो. मी यातलं काहीच म्हणत नाही, म्हणून ही बाई उत्तर टाळते असा माझा लौकिक झालाय. तर आता एकदाच, सविस्तर.

थापांचं आधी उरकते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तेच सगळ्यात जास्त फिरतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात, माटा विरुद्ध एव्हिआंका या दाव्यात, वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले निकाल बिनदिक्कत दाखल केले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीची आयकर आकारणी रद्द करून पुन्हा करायला पाठवली. अधिकाऱ्यानं आधाराला घेतलेले तीन निकाल कधी झालेलेच नव्हते. हे वाईटच आहे, पण सापडायला सोपं आहे. सायटेशन, म्हणजे निकालाचा संदर्भ क्रमांक, एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रासारख्या निकालांच्या संकेतस्थळावर टाकायचं. निकाल उघडला नाही की कळलं. तुम्ही नाही तपासलंत तर समोरचा वकील तपासतो, आणि फार आवडीनं तपासतो. शिवाय न वाचता चिकटवणारे वकील आमच्याकडे पूर्वीपासून आहेत, त्यांना यंत्राची गरज कधी पडली नाही. माझी झोप उडवली ती यंत्राच्या एका बिनचूक कामानं.

मी ज्या सिनिअरांकडे शिकले त्यांचं ऑफिस हुतात्मा चौकाच्या मागे, पोटमाळ्यावर. ताठ उभं राहिलं की डोक्याला पंखा लागेल असं. ज्युनिअरनं गठ्ठे सोडायचे, एकेक कागद वाचायचा आणि लीगल साइजच्या कागदावर हातानं लिस्ट ऑफ डेट्स, म्हणजे कधी काय घडलं याची तारीखवार यादी, लिहायची. एक तारीख चुकली की सबंध पान परत. पैसे म्हणजे लोकलचा पास आणि दिवाळीला पाकीट. रात्री नवाच्या पुढे चर्चगेट गाठताना मी मनात ठरवलं होतं, आपलं ऑफिस झालं की कुणाही पोराला असं राबवायचं नाही.

आणि नाही राबवलं. सॉफ्टवेअर आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. माझी तेव्हाची ज्युनिअर नालासोपाऱ्याहून यायची. कागद स्कॅन करायचे, तारखांचा तक्ता यंत्राकडून काढून घ्यायचा, ताडून पाहायचा आणि साडेसहाला मोकळं. तिला विरार फास्ट मिळायची. मला वाटायचं, पोटमाळ्याचं ऋण फिटलं.

मग ते काळाचौकीचं मॅटर आलं. चाळीतली खोली, भाड्याची पावती वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. नवराही गेलेला. आमच्या अशील आजी लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच खोलीत. दिराचा डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट, पण चाळ रिडेव्हलपमेंटला निघाल्यावर तो बिल्डरला सांगत सुटला की भाडेकरू मीच. करारावर सही कुणाची, यावर आजींची नवी जागा ठरणार होती. आम्ही धोबीतलावला स्मॉल कॉझेस कोर्टात दावा लावला आणि दिराला करार करू देऊ नये म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, मनाई मागितली. अशा दाव्यात भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर कोण राहत होतं ते बघतात, आणि ते दाखवायला पुढचं भाडं कोण देत आलं याचा मोठा आधार असतो.

पावत्या स्कॅन केल्या, यंत्रानं तक्ता दिला: पावती क्रमांक, महिना, रक्कम, भाडेकरूचं नाव. मी मधून मधून काही पावत्या मुळाशी ताडून पाहिल्या. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. ज्युनिअर पोरीनं त्यावरून केलेला सिनॉप्सिस, म्हणजे दाव्याचा गोषवारा, तर मी स्वतः केला असता त्यापेक्षा नीटस होता.

सुनावणीच्या दिवशी मी हायकोर्टात अडकले आणि इकडे बोर्ड पळाला, म्हणजे आमचा नंबर अपेक्षेआधीच लागला. पोरगी उभी राहिली. सुरुवातीला ती उत्तम बोलली, हे मला समोरच्या वकिलानंच सांगितलं. मग जजसाहेबांनी विचारलं, “सासरे वारल्यानंतरच्या पावत्यांवर, मार्फत म्हणून कुणाचं नाव आहे?”

मूळ भाडेकरू वारला तरी घरमालक वर्षानुवर्षं त्याच्याच नावानं पावती फाडत राहतो. पैसे ज्याच्या हातून आले त्याचं नाव घरमालकाचा भाडं वसूल करणारा मेहताजी खालच्या ‘मार्फत’च्या रेघेवर लिहितो, घाईत, कधी पेन्सिलीनं. ती रेघ आमच्या तक्त्यात नव्हती. यंत्र चुकलं नव्हतं. जेवढे रकाने मागितले तेवढे त्यानं भरले होते. पोरगी लॅपटॉपवर पानं वरखाली करत राहिली. शेकडो पानं, एका मिनिटात काय सापडणार? जजसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. “पावत्या वाचून या,” एवढं म्हणाले आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

आजी मागच्या बाकावर बसलेल्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मूळ पावत्या रबर लावून वर्षावर्षाप्रमाणे लावलेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “साहेब काय म्हणत होते गं?” पोरीनं सांगितलं. आजी म्हणाल्या, “माझंच नाव हाय की. मेहता माझ्याच हातनं पैसं न्यायचा. मागं वळून मला विचारायचंस.”

संध्याकाळी हे सगळं तिनंच मला सांगितलं. रडली वगैरे नाही. “मॅडम, ती पिशवी मी एकदाही उघडली नव्हती,” म्हणाली.

पुढच्या तारखेला मनाई मिळाली. तेव्हा कुणाचं नुकसान झालं असं मी मानत नाही, आणि त्या दोन आठवड्यांत आजी रोज सकाळी फोन करायच्या त्याचं काय ते माझं मला ठाऊक. ज्युनिअर काही महिन्यांनी सोडून गेली. आता एका कंपनीत आहे. यंत्रानं वाचलेली कॉन्ट्रॅक्ट्स पुन्हा वाचते आणि मी देत होते त्याच्या दुपटीहून जास्त कमावते. मजेत आहे. मला भेटते तेव्हा कोर्टाचा विषय काढत नाही.

तेव्हापासून पोटमाळ्यावरची ती जुनी मी माझ्याशी भांडते. ती म्हणते, बघ, सिनिअरांनी मला राबवलं म्हणून पावत्या बोटांना पाठ झाल्या. असा प्रश्न मला आला असता तर मी झोपेत उत्तर दिलं असतं. मी तिला सांगते, बाई गं, तुझं घर दादरला होतं, डबा आई द्यायची, भाडं वडील भरायचे. तुझ्याबरोबर जालन्याहून आलेला तो हुशार मुलगा वर्षभरात परत गेला, आठवतं का? त्या राबण्यातून शिकले ते ज्यांना राबणं परवडलं ते. ती यावर गप्प बसत नाही. म्हणते, मग तू तुझ्या ज्युनिअरला राबण्यातून सोडवलंस की शिकण्यातून? इथं मी विषय बदलते.

नियम होतायत, नाही असं नाही. केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं की निष्कर्ष आणि निकाल एआयकडून काढून घ्यायचे नाहीत. छान आहे, पण ती न्यायाधीशांची सोय झाली. ज्युनिअरनं कागद हाताळायला कुठे शिकायचं, हे त्यात कशाला असेल? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान वीस हजार स्टायपेंड द्यावा असं सुचवलं. सुचवलंच, सक्ती नाही. मला द्यायला आवडेल. पण माझं दोन टेबलांचं ऑफिस. पूर्वी तारखा काढण्याचे, कंपायलेशनचे, म्हणजे कागद जुळवून लावण्याचे, पैसे बिलात लावता यायचे. आता क्लायंट बिल हातात घेऊन विचारतो, “मॅडम, हे तर कॉम्प्युटरनं केलं ना? मग याचे कसले?” ज्युनिअरचा पगार त्याच ओळीतून निघायचा.

सध्याच्या ज्युनिअरला मी सांगितलंय, आधी मूळ कागद हातात घे, मग स्कॅन. तो वैतागतो. म्हणतो हे दुप्पट काम आहे, आणि ते आहेच. परवा म्हणाला, “मॅडम, यंत्राला मार्फतचा रकाना काढ म्हटलं असतं तर त्यानं काढला असता. पेन्सिलीचंसुद्धा वाचतं आता.” खरं आहे, मी करून पाहिलं. मी विचारलं, “आणि पुढच्या मॅटरमध्ये कुठला रकाना मागशील?”

तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “ते कळायला किती वर्षं लागतात, मॅडम? आणि तोवर तुम्ही देता त्यात कळव्याच्या खोलीचं भाडं कसं भरायचं?”

म्हणून मुलीला लॉला घालू का असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुमचं घर मुंबईत आहे का. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं.