मांडीचा स्नायू आणि लाखाचे सहाशे

माझ्या धाकट्या मामेबहिणीचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेले पेशंट तिच्याकडे येतात. मांडीचा पुढचा स्नायू आवळा म्हटलं तर त्यांना तो आवळताच येत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती "खाली दाबा, अजून दाबा" म्हणत बसते आणि पेशंट भलतंच काहीतरी ताठ करत बसतो. दिवाळीत भेटलो तेव्हा म्हणाली, "दादा, स्नायू किती आवळला ते दाखवणारं काहीतरी कर ना. आकडा नको, दिव्यांची पट्टी दे. पेशंटला कळलं की झालं."

मी भोसरीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. रोज कारखान्यातल्या सेन्सरांच्या ४-२० मिलिअँपिअर सिग्नलशी गाठ. स्नायू आवळला की त्वचेवर इवलासा विजेचा सिग्नल येतो, तो पकडून वाढवायचा. म्हटलं, एक अँप्लिफायर, दोन फिल्टर, हाकानाका. नुसती चिप ठरवण्यात अडीच महिने गेले.

सुरुवात स्वस्तात केली. एडी८२३२ चं तयार मॉड्यूल मिळतं, ते आणलं. इलेक्ट्रोड चिकटवले, मांडी आवळली, तर स्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर, नुसते मंद हेलकावे. चिपचा दोष नव्हता. ती हृदयाच्या सिग्नलसाठी बनलेली, आणि मॉड्यूलवरचे रेझिस्टर-कपॅसिटर साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढंच पुढे जाऊ देणारे. त्वचेवरून घेतलेला स्नायूचा सिग्नल २० ते ५०० हर्ट्झमध्ये पसरलेला, आणि त्याचा जोर ५० ते १५० मध्ये. म्हणजे मला हवं होतं तेच गाळून टाकणारी गाळणी मी लावली होती. सुटे भाग बदलून ती चालवता येते, पण ते इवलेसे भाग उपसायचा धीर झाला नाही.

मग एडी६२० ही अँप्लिफायर चिप, सगळ्या प्रोजेक्ट रिपोर्टांची लाडकी. एका दुकानातून चार आणल्या, बऱ्याच स्वस्त. इतक्या स्वस्त कशा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. डेटाशीटप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे, ती जास्तीत जास्त १.३ मिलिअँपिअर खाते. माझी ४ च्या वर खात होती. मग पिन १ आणि ८ मधला रेझिस्टर काढून पाहिला. तो नसला की गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, बरोबर १ यायला हवा. माझ्याकडे काहीच्या काही आला. वर नाव एडी६२० चं, आत कुठलातरी साधा ऑपअँप, म्हणजे सर्वसाधारण अँप्लिफायर. चारही कचऱ्यात.

तिसरी आयएनए१२८, या वेळी अधिकृत विक्रेत्याकडून. पिनांची रचना एडी६२० सारखीच, त्यामुळे त्याच सॉकेटमध्ये बसली. सिग्नल जेमतेम मिलिव्होल्टभर, म्हणून १०० ओहम लावून गेन एकदम ५०१ केला. आउटपुट वर जाऊन चिकटलं ते हलेना. इथे माझं रोजचं डोकं चाललं नाही. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये बॅटरीसारखा डीसी व्होल्टेज तयार होतो, आणि दोन इलेक्ट्रोडांचा तो कधीच तंतोतंत सारखा नसतो. २० मिलिव्होल्टचा फरक धरला तरी ५०१ पट म्हणजे १० व्होल्ट, आणि माझी सप्लाय ९ ची. मग ५.६ किलोओहम लावून पहिला गेन १० वर आणला, पुढे २० हर्ट्झखालचं सगळं अडवलं आणि उरलेला गेन त्यानंतर घेतला. मांडी आवळली तसा स्कोपवर दाट झाडोरा उगवला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बायकोला उठवून दाखवला. तिने "छान" म्हटलं आणि कूस बदलली.

इथेच थांबलो असतो. पण दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सांभाळायच्या, आणि पुढचा, दिवे लावणारा कंट्रोलर ३.३ व्होल्टचा. त्याची एक पिन तर मी जाळलीच. अंगाला जोडायची वस्तू भिंतीतल्या प्लगवर चालवायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, त्यामुळे सगळं एका लिथियम सेलवर बसवणं भाग होतं. म्हणून आयएनए३३३. १.८ ते ५.५ व्होल्टवर चालते, स्वतः ५० मायक्रोअँपिअर खाते. तिचा नॉइज, म्हणजे चिपचा स्वतःचा गोंगाट, आयएनए१२८ च्या सहापट, म्हणून आधी कचरलो होतो. गणित केलं तर आपल्या २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो जेमतेम १ मायक्रोव्होल्ट भरतो. समोर सिग्नल काहीशे मायक्रोव्होल्टचा. उगाच भ्यायलो. अडचण एवढीच की ती ब्रेडबोर्डात, म्हणजे सोल्डर न करता जोडण्या करायच्या पाटीत, बसत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून अडॅप्टर बोर्ड आणला आणि भिंग लावून सोल्डर केली.

चालू केली तर स्कोपवर नुसता ५० हर्ट्झ, म्हणजे घरातल्या मेन्सच्या विजेचा गोंगाट. दर २० मिलिसेकंदांनी एक गुबगुबीत लाट, स्नायूचा पत्ता नाही. ट्यूबलाइट बंद केली, वायरी पिळल्या, कोपरावरचा तिसरा इलेक्ट्रोड बदलला. हीसुद्धा नकली असणार म्हणून विक्रेत्याला मेलही लिहायला घेतला.

दोष माझा होता. एकाच सेलवर चालवायचं तर मधला १.६५ व्होल्ट लागतो. तो मी १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून काढून थेट रेफरन्स पिनला, म्हणजे आउटपुट ज्याच्यापासून मोजलं जातं त्या पिनला, दिला होता. चिपच्या आत शेवटच्या टप्प्यात १५० किलोओहमचे चार रेझिस्टर अगदी जुळवून बसवलेले असतात, आणि दोन्ही वायरींवर सारखाच येणारा मेन्सचा गोंगाट त्या जुळणीमुळेच कटतो. माझ्या जोडीने त्यातल्या एकाला ५ किलोओहमची शेपटी लावली. हा गोंगाट स्नायूच्या सिग्नलच्या मानाने किती दबतो, ते डेटाशीट किमान १०० डीबी (डेसिबल) म्हणते, म्हणजे लाखपट. हिशेब केला तर माझ्याकडे ५६ डीबी, सहाशेपट उरलं होतं. लोक लाखाचे बारा हजार करतात, मी सहाशे केले. आयएनए१२८ ला रेफरन्स पिन दोन बॅटऱ्यांच्या मध्यावर थेट बांधलेली होती, म्हणून तेव्हा हे दिसलं नव्हतं.

एमसीपी६००२ ऑपअँप घेतला, त्याचा एक भाग मधे बफर म्हणून लावला, म्हणजे व्होल्टेज तोच पण मागचे रेझिस्टर चिपला दिसत नाहीत. लाट बसली. दुसरा भाग पुढच्या गेनला वापरला.

क्लिनिकमध्ये बहिणीने गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाजूला, मांडीच्या आतल्या अंगाला, दोन इलेक्ट्रोड २० मिलिमीटर अंतराने लावले. तिसरा नडगीच्या हाडावर. पेशंट एक काका होते. त्यांनी टॉवेल दाबला, तिसऱ्या खेपेला सात दिवे लागले. काकांनी घाबरून पाय सैल सोडला.

बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, लाल दिवे कशाला घेतलेस? त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं."

हिरवे मागवलेत.