फिफ्थ व्हीलसाठी ट्रक निवडताना आलेला माझा अनुभव (आधी दारातलं स्टिकर वाचा)

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी नाशिकहून यायचे होते आणि मनात होतं की त्यांना कोलोरॅडोचे डोंगर नीट दाखवायचे, दर रात्री नवीन मोटेल, आईचे गुडघे, बाबांचं पथ्याचं खाणं हे सगळं सांभाळत फिरण्यापेक्षा आपलंच घर मागे बांधून न्यावं. तिथून फिफ्थ व्हीलचा विचार सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा ट्रेलर मागच्या बंपरला जोडत नाहीत, त्याचं नाक पिकअपच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात), साधारण मागच्या अॅक्सलच्या वर बसवलेल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या यंत्रावर, टेकतं. त्यामुळे तो हायवेवर कमी डुलतो, शेजारून मोठा ट्रक गेला तरी शेपूट हलल्यासारखं फारसं होत नाही. पण ट्रेलरच्या वजनातला मोठा हिस्सा थेट ट्रकच्या पाठीवर येतो, आणि नेमकं हेच मला आधी कुणी सांगितलं नाही.

आमच्याकडे थ्री-क्वार्टर टन (हे पिकअपच्या वर्गाचं नाव, वन टन त्याच्या वरचा) डिझेल ट्रक होता, क्रू कॅब, फोर बाय फोर. ब्रोशरमध्ये टोइंग कपॅसिटी, म्हणजे ओढण्याची क्षमता, १६,००० पौंडांच्या वर. ट्रेलर विकणाऱ्याकडे गेलो तर त्याने एक ३४ फुटी दाखवला, ड्राय वेट म्हणजे रिकामं वजन १०,९००, जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे पूर्ण भरल्यावर चालणारं जास्तीत जास्त वजन १३,५००, आणि म्हणाला तुमचा ट्रक १६,००० ओढतो, हा साडेतेराच्या वर जाऊच शकत नाही, निर्धास्त घ्या. हिशोब ऐकायला अगदी बरोबर वाटतो. मी डिपॉझिट द्यायच्या बेतात होतो.

त्याच रात्री बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांचं लहानपण निफाडकडे गेलं, ऊस बैलगाडीतून कारखान्यावर न्यायचे दिवस त्यांनी पाहिलेत. मी कौतुकाने फोटो दाखवला आणि आकडे सांगितले. ते सगळं ऐकून म्हणाले, "ओढायचं कळलं रे. पण बैलाच्या मानेवर किती येतं ते सांग." मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनीच समजावलं की गाडीत माल पुढे जास्त भरला की बैलाच्या मानेला जू रुततं आणि मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैल कितीही दांडगा असला तरी भरणाऱ्याला अक्कल लागते. कॉल संपल्यावर मी टॉर्च घेऊन खाली गेलो आणि ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं पिवळं-पांढरं स्टिकर पहिल्यांदा शब्दन्शब्द वाचलं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नये. आमचा आकडा होता २,१४०. किलोत ९७०. तीन वर्षं तो ट्रक चालवत होतो आणि हा आकडा मला माहीत नव्हता.

फिफ्थ व्हीलचं पिन वेट, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येणारा भार, साधारण ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या २० ते २५ टक्के धरतात. मी २२ धरले. १३,५०० चे २२ टक्के म्हणजे २,९७०. हिच स्वतः १६० पौंडांची. आम्ही तिघं आणि आई-बाबा मिळून पाच माणसं ६६०, टूलबॉक्स, बेडची मॅट, लाकडाच्या फळ्या वगैरे १२०. बेरीज ३,९१०. परवानगी २,१४०. म्हणजे १,७७० पौंड, जवळजवळ ८०० किलो जास्त! आणि तरी ब्रोशरच्या हिशोबाने आम्ही 'लिमिटच्या आत' होतो.

कारण नंतर कळलं. आमच्या ट्रकचं जीव्हीडब्ल्यूआर १०,००० वर बांधलेलं, आणि डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा शेकडो पौंडांनी जड. ट्रकचं स्वतःचं वजन वाढलं आणि वरची मर्यादा तीच राहिली की पेलोड, म्हणजे स्टिकरवरचा माणसं-सामानाचा आकडा, तेवढं कमी होतं. ओढण्याची ताकद भरपूर पण पाठीवर घ्यायला जागा नाही. एका ओळखीच्याने मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या एअरबॅग (हवेच्या पिशव्या) बसवायचा सल्ला दिला, पण एअरबॅगने मागून खाली बसलेला ट्रक फक्त सरळ दिसतो, स्टिकरवरचा आकडा काही वाढत नाही, टायर आणि अॅक्सल तेच राहतात. ज्यात आई-बाबा आणि मुलगी बसणार आहेत त्या गाडीत मला असं काही करायचं नव्हतं.

तरी खात्री म्हणून ट्रक काट्यावर नेला. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, तिथे लांब काट्याचे वेगवेगळे भाग असतात, पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाला सांगायचं, मग तिकीट मिळतं. आई-बाबा अजून यायचे होते म्हणून त्यांच्या वजनाइतक्या तांदळाच्या आणि मिठाच्या गोण्या मागच्या सीटवर ठेवल्या. आकडा आला ८,६४०. दहा हजारात उरले १,३६०, हिच वजा जाता १,२००. त्यात २२ टक्क्यांच्या हिशोबाने साडेपाच हजार पौंडांचा ट्रेलर बसतो, आणि पाच माणसांचं घर असलेलं फिफ्थ व्हील त्या वजनात मिळत नाही.

तेव्हा ठरवलं, ट्रेलर लहान आणि ट्रक मोठा, दोन्ही बदलायचं. पुढचे दोन महिने मी प्रत्येक ट्रकचं आधी दार उघडायचो. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत चारशे-पाचशे पौंडांचा फरक सहज निघतो, सनरूफ, मोठी चाकं, साइड स्टेप, सगळं पेलोडमधूनच कापलं जातं, त्यामुळे 'अमुक मॉडेलचं पेलोड किती' या प्रश्नाला अर्थ नाही, त्या उभ्या असलेल्या ट्रकचं स्टिकरच खरं. विकणाऱ्याला फोनवर सांगायचं की स्टिकरचा फोटो पाठव, नाही पाठवला तर जायचंच नाही.

शेवटी वन टन घेतला, पेट्रोल व्ही-एट, मागे एकेकच चाक, आठ फुटी बेड. स्टिकर ४,०१०, जीव्हीडब्ल्यूआर ११,४००. आठ फुटी बेड मुद्दाम, कारण आखूड बेडमध्ये वळताना ट्रेलरचं नाक मागच्या काचेवर येऊ शकतं आणि मग सरकणारा हिच घ्यावा लागतो, तो आणखी जड. पेट्रोल घेताना मनाची तयारी केली होती की उंचावर दम कमी पडणार, टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं आणि आमचं घरच मुळी ५,००० फुटांच्या वर. पण चढावर हळू जाणं मला चालतं, पाठीवर जास्त भार घेऊन उतारावर ब्रेक शोधणं चालत नाही.

ट्रेलर घेतला तो ११,९९० जीव्हीडब्ल्यूआरचा, ड्राय ९,३००. त्याच्या कागदावर पिन वेट १,६४०. हा आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, आणि गॅसचे सिलिंडर, बॅटरी, पुढच्या स्टोरेजमधलं सामान, सगळं नाकाकडेच असतं.

पहिल्यांदा हिच करायचा दिवस मला नीट आठवतो. टेलगेट खाली, बायको मागे उभी राहून हात दाखवतेय, मी इंचाइंचाने मागे येतोय. खट्ट आवाज झाला, वाटलं झालं. तिने टॉर्च आत मारली आणि म्हणाली थांब, किंगपिन (ट्रेलरच्या नाकाखालची जाड पिन) हिचच्या जबड्याच्या आत नाहीये, वर टेकलाय. तसंच निघालो असतो तर पहिल्या वळणावर ट्रेलर बेडवर कोसळला असता. पुन्हा पुढे आलो, ट्रेलरची उंची थोडी खाली घेतली, परत मागे, आता जबडा पिनच्या मानेभोवती मिटलेला स्पष्ट दिसला. मग लॉकची पिन, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी), सात पिनांचा प्लग, आणि ट्रेलरचे पाय जमिनीवर टेकलेले असतानाच ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून ट्रकला हळूच पुढे ओढ द्यायची. ही ओढ मी आता पेट्रोल भरून परत निघतानासुद्धा देतो. बेडच्या कडा आणि ट्रेलरचं पोट यांच्यात सहा इंच तरी मोकळे हवेत, तेही तेव्हाच टेपने मोजलं.

आई-बाबा आल्यावर निघायच्या दिवशी सगळे बसून, सगळं भरून परत काट्यावर गेलो. पुढचा अॅक्सल ४,६९०, मागचा ६,०२०, ट्रेलरची चाकं ८,६००. मग ट्रक स्टॉपच्या मागच्या सपाट जागेत, विचारून, ट्रेलर सोडला आणि नुसता ट्रक पुन्हा काट्यावर नेला, ८,३३०. वजाबाकी केली तर खरं पिन वेट २,३८०, कागदापेक्षा ७४० जास्त. ट्रेलर एकूण १०,९८० म्हणजे २१.७ टक्के, माझे २२ बरे जमले. ट्रक १०,७१०, मर्यादेच्या ६९० आत. मागच्या अॅक्सलची आणि टायरची मर्यादा वेगळी असते, तीही तपासली, आत होती. बाबांनी तिकीट हातात घेऊन दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मानेवर बरोबर आहे?" मी म्हटलं बरोबर आहे.

वाटेतल्या केनोशा पास या घाटाची उंची सुमारे १०,००० फूट. चढावर ताशी चाळीस मैलांच्या आसपास उजव्या लेनमध्ये, इंजिन ओरडत होतं पण तापमानाचा काटा जागेवर. उतरताना टो मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग), खालचा गिअर, ब्रेकवर पाय अधूनमधून. वर थांबलो तेव्हा मी सगळ्या टायरांना आणि हबना हात लावून बघितलं, आई म्हणाली काय बघतोस, मी म्हटलं कुठलं जास्त तापलंय का ते. तिनेही एका टायरला हात लावला.

या वर्षी जनरेटर घ्यायचाय, तो बेडमध्ये जाणार, म्हणजे ६९० मधून शंभरेक पौंड जातील. पाणी आम्ही मुक्कामाजवळ पोचल्यावरच भरतो, एक गॅलन ८.३४ पौंड, ५० गॅलनची टाकी भरली की ४१७ पौंड. आमची टाकी अॅक्सलच्या पुढे आहे त्यामुळे त्यातला काही भाग पिनवर येतोच. जनरेटर आला की पुन्हा काट्यावर जाणार आहे.