दाराखालची फट

काम झालं होतं, फ्लशही झाला होता, पण मी कडीवर हात ठेवून आत तशीच उभी, कारण बाहेर बेसिनपाशी कोणीतरी पुरुष खाकरला. पाटीवर स्पष्ट लिहिलेलं होतं की हे टॉयलेट सगळ्यांसाठी आहे, मी ते वाचूनच आत शिरले होते, म्हणजे चूक कोणाचीच नव्हती. तरी आधी त्याचा नळ बंद व्हायची वाट बघितली, मग हात वाळवायच्या मशीनची घरघर थांबायची, आणि पावलं पार लांब गेली तेव्हाच बाहेर आले. आरशात बघून स्वतःचंच हसू आलं. नक्की काय लपवत होते मी? आत लोक काय करतात हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक असणारच की.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. जेंडर न्यूट्रल, म्हणजे बाई-पुरुष सगळ्यांसाठी एकच टॉयलेट, हा वाद निघाला की कोणीतरी हटकून म्हणतं, अहो विमानात कुठे वेगळं असतं? मीही म्हणायचे. पण विमानात बेसिन आतच असतं ना! तोंड धुवा, केस नीट करा, पॅडचं पाकीट फाडा, ओढणी सारखी करा, सगळं एका कडीच्या आत. कॅलिफोर्नियात १ मार्च २०१७ पासून एका वेळी एकाच माणसाने वापरायची सार्वजनिक टॉयलेट्स सगळ्यांसाठी खुली ठेवणं सक्तीचं झालं, तो नियमही असल्याच खोल्यांपुरता. खरी धुसफूस असते ती ओळीने दारं आणि समोर सामाईक बेसिन असतं तिथे.

आणि दारं तरी कसली! अमेरिकेत पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं की हे बांधकाम अर्धवट राहिलंय. खाली फूटभर मोकळं, वर मोकळं आणि दार अन् चौकटीच्या मधे उभी फट, त्यातून बाहेरच्या बाईचा स्वेटर कुठल्या रंगाचा ते दिसत होतं, म्हणजे तिलाही माझं काहीतरी दिसत असणारच. फरशी धुवायला सोपं, पार्टिशन स्वस्त, आत कोणी चक्कर येऊन पडलं तर कळतं, ही कारणं ऐकली, पटलीही, पण मी बॅग फटीला आडवी धरूनच बसले. अशा दारांच्या ओळीवर नुसती पाटी बदलून 'सगळ्यांसाठी' लिहिलं तर बायका चिडणारच, त्यात मागासलेपणा वगैरे काही नाही.

लाज हा प्रकारही सगळीकडे सारखा नाही. रोमजवळच्या ओस्तियात जुन्या सार्वजनिक शौचालयाचे अवशेष आहेत, दगडी बाकाला ओळीने भोकं, मधे आडोसा म्हणून काही नाही, शेजारी बसा आणि गप्पा मारा. आणि दुसरं टोक जपानचं. तिथे आवाज कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बायका पुन्हा पुन्हा फ्लश ओढायच्या, पाणी फुकट जायचं, शेवटी टोटो कंपनीने १९८८ मध्ये 'ओतोहिमे' आणलं, बटण दाबलं की नुसता पाणी वाहिल्याचा आवाज. (मला हे घरी हवंय.)

त्याच जपानमध्ये, टोकियोच्या काबुकिचोत एप्रिल २०२३ मध्ये एक टोलेजंग इमारत उघडली, तिथल्या टॉयलेटमध्ये सगळ्यांसाठीची क्यूबिकल्स आणि हात धुवायची जागा सामाईक. बायकांनी सोशल मीडियावर आरडाओरडा केला, तिथे गार्ड उभे करावे लागले, ऑगस्टपर्यंत बायकांचं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं करून टाकलं. मला त्या बायकांचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. रात्रीच्या धंद्यांचा भाग, कोण कुठे रेंगाळतंय कळत नाही, आणि तिथे तुम्ही बाईला सांगणार की आरशासमोर निवांत उभी राहा?

पण म्हणून दोन पाट्या लावल्या की प्रश्न मिटला असंही नाही. ही वेगळी सोय काही अनादिकाळापासूनची नाही, मॅसॅच्युसेट्समध्ये कारखान्यात बायकांसाठी स्वतंत्र शौचालय हवं असा कायदा आला तो १८८७ मध्ये. ट्रान्स माणसाने कुठल्या दारात शिरायचं? दोन्हीकडे लोक वळून बघतात. चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला बाप, आईला धरून नेणारा मुलगा, हे दोन दारांच्या मधे उभे राहून कोणाला तरी विनवत असतात. आणि बायकांची रांग तर विचारूच नका, जागा दोघांना सारखी दिली तरी तेवढ्याच जागेत पुरुषांकडे युरिनल जास्त मावतात, शिवाय आम्हाला वेळ जास्त लागतो.

माझं म्हणणं एवढंच की पाटीआधी दार बघा. जमिनीपासून छतापर्यंत भिंत, धड लागणारी कडी, आत छोटं बेसिन आणि कचऱ्याचा डबा, दार उघडल्यावर सरळ वर्दळीच्या पॅसेजमध्ये. मग शेजारच्या खोलीत कोण आहे याच्याशी मला काय देणंघेणं? जागा जास्त लागते, खर्च वाढतो, मान्य. म्हणूनच तर नुसती पाटी बदलून मोकळे होतात.

टोकियोतच शिगेरू बान या आर्किटेक्टने २०२० मध्ये दोन बागांमध्ये रंगीत पारदर्शक काचेची टॉयलेट्स बांधली. बाहेरूनच दिसतं की आत स्वच्छ आहे आणि कोणी नाही, कडी लावली की काच धूसर होते. डोकं भारी चालवलंय, पण मी गेले तर आधी मैत्रिणीला आत पाठवून, कडी लावायला लावून, बाहेरून चारी बाजूंनी बघून घेईन.